कामाच्या मापाची मोटार

कपाटात घडी घालून ठेवलेली सुती साडी किंवा उशीचा अभ्रा हातात घेतला तर त्याचे वजन फारसे भरत नाही. परंतु ते वस्त्र होण्यापूर्वी त्यातील कापूस किती वेळा उचलला गेला, किती वेळा ओतला, ढकलला आणि वाहून नेला गेला, ह्याचा हिशेब कोणी मांडला तर तो पाहून कोणीही चकित होईल. शेतातून गाडीत, गाडीतून बाजाराच्या आवारात, तेथून जिनात, ढिगावरून रेच्यावर, रेच्यावरून रुई एकीकडे व सरकी दुसरीकडे, आणि अखेर रुई दाबयंत्रात जाऊन तिची गाठ. ह्या उचलाठेवीने कापसाचे मोल कवडीने वाढत नाही. खर्च मात्र प्रत्येक वेळी वाढतो, आणि तो कोठे ना कोठे शेतकऱ्याच्या भावातून वजा होतो किंवा ग्राहकाच्या किमतीत मिळविला जातो. म्हणूनच मालाची ने-आण करणाऱ्या यंत्रांस किती शक्तीची मोटार जोडावी, ती कोणत्या प्रतीची असावी आणि तिची शक्ती यंत्रापर्यंत कशी पोचवावी, हा प्रश्न दिसावयास केवळ कारागिराचा असला, तरी वस्तुतः सर्वांच्या खिशाचा आहे.

हा प्रश्न समजून घेण्यास यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातले बोरी अरब हे गाव चांगले उदाहरण ठरेल. अडाण नदीच्या खोऱ्यातील ही काळी जमीन कापसाची. गावाच्या चहूबाजूंस दिवाळीच्या सुमारास पांढरी बोंडे फुटू लागतात आणि पुढचे चार-पाच महिने दारव्हा व यवतमाळच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. ह्याच कापसासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन ह्या इंग्रज कंपनीने यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारा, अवघ्या अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग चालविला. लोक त्या गाडीला 'शकुंतला' म्हणत. ती गाडी आता धावत नाही. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर व मालमोटारी आल्या. परंतु वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य असा हा माल कमीत कमी शक्तीत कसा हलवावा, हे कोडे जसेच्या तसे उरले आहे.

पूर्वीच्या जिनात एक वाफेचे इंजिन असे. त्याच्यावरून एक लांब लोखंडी दांडा कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरे, आणि त्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी सारे रेचे चालत. दहा रेचे चालोत की दोन, दांडा मात्र पूर्णच फिरवावा लागे. यंत्रागणिक स्वतंत्र विजेची मोटार आली तेव्हा ह्या उधळपट्टीतून सुटका होण्याची वाट मोकळी झाली. ढिगावरचा कापूस रेच्यांपर्यंत नेण्याचे काम मात्र त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी माणसांच्या, विशेषतः मजूर स्त्रियांच्या डोक्यावरून होत राहिले. भारत सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जिन-प्रेस कारखान्यांच्या सुधारणेस साहाय्य मिळू लागले, तेव्हापासून पट्टे, नळ्या आणि पंखे ह्यांचा प्रसार वेगाने झाला. माणसाच्या पायांखाली तुडवला जाणारा कापूस स्वच्छ राहू लागला हा लाभ मोठाच. पण ज्या कामाला पूर्वी वीज लागत नव्हती त्याला ती आता लागू लागली, आणि किती लागावी ह्याचा विचार सर्वत्र सारखा झाला असे म्हणता येत नाही.

तो विचार कसा करावा हे पाहण्यासाठी बोरी अरबच्या परिसरात शोभेल असा एक मध्यम जिन कल्पनेने उभा करावा. तेथे ताशी ३ टन कापूस रेच्यांवर जातो. क्विंटलमागे साधारण ३४ किलो रुई निघते असे धरले तर ताशी एक टनाच्या आसपास रुई, म्हणजे १७० किलोच्या सुमारे सहा गाठी. हा ३ टन कापूस जमिनीवरून ६ मीटर उंच उचलावयाचा आहे. शुद्ध पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने ह्या कामाला किती शक्ती लागेल? वजन, उंची आणि वेळ ह्यांचे गणित केल्यास उत्तर येते सुमारे ४९ वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम पंधरावा भाग. पूर्वी घरोघरी जो ६० वॅटचा दिवा लावीत, त्याहूनही कमी! आणि तरीही अशा कामाला वीस-तीस अश्वशक्तीची मोटार घरघरताना आढळते. मग उरलेली शक्ती जाते कोठे?

तिचे उत्तर वाऱ्यात आहे. नळीतून पंख्याने कापूस ओढून घ्यावयाचा तर नळीतील हवेचा वेग सेकंदास २० ते २५ मीटरांच्या घरात ठेवावा लागतो. त्याखाली वेग गेला की कापूस नळीच्या तळाशी बसू लागतो आणि नळी तुंबते. ४०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत २२ मीटर वेगाने वाहणारी हवा सेकंदास पावणेतीन घनमीटर होते, आणि तिचे वजन ताशी सुमारे १२ टन भरते. म्हणजे ३ टन कापूस नेण्यासाठी १२ टन हवा न्यावी लागते! नळीची वळणे, कापूस हवेतून वेगळा करणारे यंत्र आणि नळीचे घर्षण मिळून पाण्याच्या २०० मिलिमीटर उंचीइतका दाब लागला, तर हवेलाच साडेपाच किलोवॅट द्यावे लागतात. पंख्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पंख्याच्या दांड्यावर १० किलोवॅट, आणि मोटारीचा स्वतःचा नाश मिळवून विजेच्या तारेतून ११ किलोवॅटांहून थोडे अधिक. मालाला हवे होते ४९ वॅट. बाकी सारे वाऱ्यावर गेले.

ह्याउलट तोच माल रबरी किंवा कापडी पट्ट्यावर ठेवून नेला, तर पट्ट्याचे वजन आणि रुळांचे घर्षण एवढेच सोसावे लागते. तीसेक मीटर लांबीचा, मंद गतीने चालणारा पट्टा कापसासारख्या हलक्या मालासाठी दीड किलोवॅटची, म्हणजे दोन अश्वशक्तीची, मोटार सहज ओढते. आडवे दोन पट्टे आणि माल वर चढविणारी एक उचल धरली तरी विजेचा खर्च साडेतीन किलोवॅटांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. हंगामाचे १२० दिवस, रोजचे १६ तास, असे एकूण १,९२० तास धरले तर वारा आणि पट्टा ह्यांतला फरक साडेचौदा हजार युनिटांवर जातो. युनिटाला ८ रुपये हा दर केवळ हिशेबापुरता मानल्यास एका हंगामात १ लाख १६ हजार रुपये.

येथे वाऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. नळी हवी तशी वळविता येते, जागा अडवीत नाही, ढिगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कापूस उचलते, वाटेत धूळ झटकते आणि दगडासारखे जड पदार्थ वेगळे करण्याची सोय तिच्यात करता येते. पट्ट्याला सरळ वाट लागते, आणि ढिगावरून पट्ट्यावर माल टाकण्यास माणूस किंवा दुसरे यंत्र लागते. म्हणून वारा सर्वस्वी त्याज्य नव्हे. जेथे स्वच्छतेचे काम त्यालाच करावयाचे आहे तेथे तो असावा, आणि जेथे केवळ वाहतूक करावयाची तेथे पट्टा असावा. मात्र हा निर्णय मोटारीच्या दुकानात जाण्यापूर्वी व्हावयास पाहिजे. चुकीच्या कामाला लावलेली उत्तमोत्तम मोटारसुद्धा चुकीचेच काम उत्तम रीतीने करते.

काम ठरले की माप ठरविण्याची पाळी येते. पूर्वी विहिरीवर मोट चालविणारा शेतकरी बैलजोडी पाहून मोटेचे कातडे शिवून घेई. लहान मोटेला चार बैल कोणी जुंपत नसे, कारण बैलाला रोज वैरण घालावी लागते हे त्याला ठाऊक होते. मोटारीची वैरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच बहुधा तेथे हात सैल सुटतो. आरंभी हिशेब करणारा सुरक्षिततेसाठी दहा टक्के वाढवितो. पंखा विकणारा त्यावर आणखी पंधरा टक्के चढवितो. त्या आकड्याची मोटार बाजारात नसते म्हणून वरच्या मापाची घेतली जाते. पुढे एखादे वेळी ती जळते, तेव्हा कोठारात पडलेली त्याहूनही मोठी मोटार 'तूर्त' म्हणून बसविली जाते आणि ती तेथेच कायमची राहते. अशा रीतीने १० किलोवॅटच्या कामावर २२ किलोवॅटची, म्हणजे तीस अश्वशक्तीची, मोटार येऊन बसते, आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येकाने शहाणपणाच केलेला असतो.

ह्या मोठ्या मोटारीने वीज दुप्पट खाल्ली असेल, असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो खरा नाही. मोटार आपल्या ताकदीइतकी नव्हे, तर कामाला लागेल तितकीच शक्ती देते, आणि चांगल्या मोटारीची कार्यक्षमता अर्ध्या भारापर्यंत फारशी खाली येत नाही. ती झपाट्याने घसरते ती भार चाळीस टक्क्यांखाली गेल्यावर. खरा तोटा अन्यत्र आहे. मोटारीतील लोखंडाला चुंबकत्व देण्यासाठी जो प्रवाह लागतो तो भार असो वा नसो, लागतोच. त्यामुळे अर्धवट भारावर चालणाऱ्या मोटारीचा शक्तिगुणक, ज्याला कारखान्यात पॉवर फॅक्टर म्हणतात, उतरतो. वरच्या उदाहरणात ११ किलोवॅटची मोटार तारेवर सुमारे १३ केव्हीएचा बोजा टाकील, तर २२ किलोवॅटची तेवढ्याच कामाला सुमारे १६ केव्हीएचा. महावितरणने २०२० च्या एप्रिलपासून उच्चदाबाच्या ग्राहकांना केव्हीए-तासावर आकारणी सुरू केली असल्यामुळे, कपॅसिटर बसवून हा गुणक सुधारला नाही तर, अशा ग्राहकास तीन केव्हीएचा हा फरक हंगामात साडेपाच हजार केव्हीए-तासांहून अधिक पडतो. शिवाय सुरू होताना मोटार आपल्या पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओढते: ११ किलोवॅटची सुमारे १३० अँपियर, तर २२ किलोवॅटची सुमारे २५०. खेड्यातील रोहित्राच्या टोकाशी बसलेल्या जिनात तेवढ्यानेही दिवे मंदावतात.

परंतु पैशाहूनही गंभीर गोष्ट निराळीच आहे. मोटारीला जोडलेले ओव्हरलोड रिले, म्हणजे अतिभार होताच वीज तोडणारे उपकरण, मोटारीच्या मापाप्रमाणे लावलेले असते. दोन अश्वशक्तीच्या पट्ट्यावर साडेसात अश्वशक्तीची मोटार बसविली, आणि एके दिवशी रुळाभोवती कापूस गुंडाळून पट्टा अडकला, तर लहान मोटार थांबली असती. मोठी थांबत नाही. ती तशीच जोर लावीत राहते. तिच्या दृष्टीने अजून भार पुरता झालेलाच नसतो! रूळ फिरतो, पट्टा जागेवर घासतो, घर्षणाने तापतो, आणि भोवती असतो तो सुकलेला कापूस. जिनात आगीचे भय किती असते हे सांगावयास नको. एक ठिणगी, आणि शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या कष्टाची राख. जास्त ताकद म्हणजे जास्त निर्धास्तपणा, ही समजूत येथे नेमकी उलटी ठरते. पट्ट्याची गती थांबताच वीज तोडणारा खटका आणि कापसातील लोखंडाचे तुकडे ओढून घेणारे लोहचुंबक बसवावेतच. पण संरक्षणाचा पहिला उपाय म्हणजे कामाच्या मापाची मोटार आणि तिच्या मापाला बेतून लावलेले रिले.

मोठी मोटार घेण्याचे एक कारण मात्र खरे असते, आणि ते म्हणजे सुरुवात. मालाने भरलेला पट्टा किंवा सरकीने भरलेला स्क्रू जागचा हलविण्यास चालू ठेवण्यापेक्षा अधिक जोर लागतो. त्यात पुष्कळ ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. ह्या पद्धतीने आरंभीचा प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर येतो खरा, परंतु आरंभीचा जोरही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पट्टा हलत नाही, आणि 'मोटार कमी पडते' असा निकाल देऊन मोठी मोटार आणली जाते. वास्तविक दोष मोटारीचा नसून सुरू करण्याच्या रीतीचा असतो. पट्टा रिकामा करून थांबविण्याचा व रिकामाच सुरू करण्याचा शिस्तीचा नियम पाळला, किंवा लहान मोटार थेट सुरू केली, किंवा वेग हळूहळू वाढविणारे साधन जोडले, तर कामापुरती मोटार पुरते.

आता प्रतीचा विचार. मोटारींच्या कार्यक्षमतेच्या श्रेणी ठरविणारे आयएस १२६१५ हे भारतीय मानक असून ते २०१८ साली सुधारले गेले. त्यात आयई-२, आयई-३, आयई-४ अशा चढत्या श्रेणी आहेत. चार ध्रुवांच्या ११ किलोवॅट मोटारीची कार्यक्षमता आयई-२ मध्ये ८९.८ टक्के, तर आयई-३ मध्ये ९१.४ टक्के असावी लागते. वरच्या १० किलोवॅटच्या पंख्यावर ह्या फरकाने ताशी सुमारे एक पंचमांश युनिट वाचते. १,९२० तासांच्या हंगामात ३७५ युनिटांच्या आसपास. हीच मोटार वणीच्या कोळसाखाणींसारख्या ठिकाणी वर्षाचे ६,००० तास चालली, तर बचत ११७० युनिटांवर जाईल. म्हणजे नवी मोटार घेतेवेळी वरची श्रेणी घेणे केव्हाही हिताचे. परंतु चार-पाच महिनेच चालणाऱ्या जिनात चांगली चालू मोटार केवळ श्रेणीसाठी मोडीत काढणे बहुधा परवडत नाही. पट्ट्याने वाचलेले साडेचौदा हजार युनिट आणि श्रेणीने वाचलेले ३७५ युनिट हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे प्रथम कोठे लक्ष द्यावे हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

ह्या श्रेणीच्या बाबतीत एक सापळाही आहे. अधिक कार्यक्षम मोटार सामान्यतः किंचित जलद फिरते. जुनी मोटार मिनिटास १,४४० फेरे करीत असेल व नवी १,४६५ करीत असेल, तर फरक दोन टक्क्यांहून कमी. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पाच टक्क्यांनी वाढते, आणि श्रेणीने जे वाचविले त्याहून अधिक पंखाच खाऊन टाकतो. बिल वाढले की दोष नव्या मोटारीला दिला जातो. उपाय अगदी स्वस्त आहे: पुली त्या मानाने बदलावयाची आणि पंख्याचा वेग पूर्वीइतकाच ठेवावयाचा.

मोटार आणि यंत्र ह्यांच्यामध्ये जे बसते त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मंद गतीच्या पट्ट्यासाठी गिअरबॉक्स लागतो. स्वस्त म्हणून वर्म गिअर बसविला, आणि गती पुष्कळच कमी करावयाची असली, तर शक्तीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग तेलाला ऊन करण्यात जातो. तिरकस दात्यांचा हेलिकल गिअर तेच काम करताना शेकडा पाच किंवा त्याहूनही कमी घेतो. म्हणजे मोटारीच्या पाटीवरील दीड टक्क्यासाठी घासाघीस करणाऱ्याने गिअरबॉक्समध्ये तीस टक्के सोडून दिले, तर ती काटकसर 'बुडत्या घड्याचे भोक सोडून काठ घासण्या'सारखी होय. सैल पडलेला व्ही-पट्टा, एका रेषेत नसलेल्या पुल्या आणि कोरडे बेअरिंग ह्यांची गोष्टही अशीच.

अलीकडे व्हीएफडी ह्या उपकरणाचा बोलबाला झाला आहे. विजेच्या प्रवाहाची वारंवारता कमीजास्त करून ते मोटारीचा वेग बदलते. पंख्याच्या बाबतीत त्याचे सामर्थ्य खरोखर मोठे आहे: वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते, तर झडप लावून हवा अडविण्याच्या जुन्या रीतीत तितकी बचत कधीच होत नाही. परंतु कापूस नेणाऱ्या नळीत वेग फार उतरविता येत नाही, कारण मग माल खाली बसतो. तेथे ९० टक्क्यांपर्यंत उतरणे शक्य झाले तर शक्ती ७३ टक्क्यांवर येईल, त्यापुढे नळीच अरुंद करावी लागेल. धूळ ओढणाऱ्या पंख्यांची गोष्ट निराळी. जितके रेचे चालू तितकीच हवा, असा बेत तेथे करता येतो. पट्टा किंवा स्क्रू ह्यांना मात्र शक्ती वेगाच्या साध्या प्रमाणात लागते, म्हणून तेथे व्हीएफडीने विजेची मोठी बचत होत नाही. सुरुवात हळुवार होते आणि मालाची गती रेच्यांच्या भुकेशी जुळविता येते, हा लाभ होतो. आणि जी मोटार सदैव पूर्ण वेगाने, पूर्ण भाराने चालणार, तिला हे उपकरण जोडल्यास बचत शून्य होऊन उपकरणाचा स्वतःचा दोन ते चार टक्के नाश तेवढा पदरी पडतो. औषध उत्तम असले तरी रोग पाहूनच द्यावयाचे असते.

मग चालू कारखान्यात मोटारीचे माप योग्य आहे की नाही हे ओळखावे कसे? कारागीर बहुधा तारेभोवती चिमटा-मीटर लावून अँपियर पाहतो आणि पाटीवरील आकड्याशी ताडतो. ही रीत फसवी आहे. भार नसतानाही चुंबकत्वाचा प्रवाह वाहत असल्याने निम्म्या प्रवाहावर मोटार निम्म्या भारावर असेलच असे नाही. ती जवळपास रिकामीही असू शकते. किलोवॅट दाखविणारे मीटर लावून, हंगामाच्या ऐन गर्दीत आणि शिथिल वेळी अशा दोन्ही प्रसंगी मोजणी करावी. भार सतत साठ ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान आढळला तर मोटार तशीच ठेवावी. चाळीसच्या खाली राहिला तर जळण्याची वाट न पाहता कारखान्यातील मोटारींचीच अदलाबदल होऊ शकते का ते पाहावे, कारण एका ठिकाणी मोठी ठरलेली मोटार दुसऱ्या ठिकाणी नेमकी बसते. प्रत्येक मोटारीची अशी नोंद एका वहीत ठेवलेली असली, म्हणजे ती जळाल्यावर घाईत चुकीची मोटार आणण्याचा प्रसंग येत नाही.

मोजणीइतकेच महत्त्व निगेला आहे. जिनाच्या हवेत रुईचे तंतू सदैव तरंगत असतात आणि मोटारीच्या पाठीवरील पन्हळींत साचून तिच्यावर जणू दुलईच घालतात. मोटारी साधारणतः ४० अंश उष्णतेच्या हवेसाठी बनविलेल्या असतात. विदर्भाचा उन्हाळा ती मर्यादा सहज ओलांडतो. आतील वेटोळ्यांचे तापमान मर्यादेपेक्षा दहा अंशांनी वाढले की वेष्टनाचे आयुष्य निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. धूळ व पाणी आत शिरू न देणारी बंद मोटार घ्यावी, आणि पाळी बदलताना तिच्यावरील तंतू झाडून काढावेत. एका झाडूने होणारे हे काम जळालेले वेटोळे पुन्हा गुंडाळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पुनर्गुंडाळणी निष्काळजीपणे झाली तर मोटार चालते खरी, पण तिची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी कायमची उतरते.

ह्या साऱ्या विवेचनातून जो क्रम हाती येतो तो असा: प्रथम कामच लहान करता येते का ते पाहावे, मग उरलेल्या कामाचे माप मोजून घ्यावे, त्या मापाला पट्टा, गिअर व सुरुवातीची रीत बेतावी, त्यानंतर मोटारीचे माप ठरवावे, मग तिची श्रेणी, आणि सर्वांत शेवटी, वेग खरोखरच बदलावयाचा असेल तर, व्हीएफडी. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा चालतो, कारण शेवटच्या वस्तू दुकानात मिळतात आणि पहिल्या दोन विचार करूनच मिळवाव्या लागतात.

शहरात राहणाऱ्या कुटुंबांनाही ह्या क्रमाचे काम पडते. गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा पंप किंवा इमारतीची लिफ्ट बदलण्याचा ठराव गृहनिर्माण संस्थेच्या सभेत येतो, तेव्हा 'थोडी मोठीच घेऊ, पुढे उपयोगी पडेल' असे कोणीतरी म्हणतोच. त्या वेळी पाणी किती, उंची किती, रोजचे तास किती, एवढे तीन प्रश्न विचारणाऱ्या सभासदाने संस्थेची मोठीच सेवा केली असे समजावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे म्हणणे जुनेच आहे. बोरी अरबच्या शेतकऱ्याने पिकविलेला कापूस वस्त्र होऊन घरी येईपर्यंत ज्या असंख्य मोटारी फिरतात, त्यांपैकी प्रत्येक जर कामाच्या मापाची असेल, तर वाऱ्यावर जाणाऱ्या पैशातील काही अंश त्याच्या पदरात पडण्याची निदान शक्यता तरी राहील.